संकर : कासवांचा आणि शब्दांचा

"तुम्ही साहित्यवाले जन्मभर संकराचे गोडवे गाणार, आणि आम्ही तो प्रत्यक्षात करून दाखवला की नाके मुरडणार!" फ्लोरिडात स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या पत्रातले हे वाक्य आहे. गृहस्थ पदवीच्या वर्गात आमच्याच बाकावर बसत. पुढे त्यांनी पोटापाण्यासाठी वेगळी वाट धरली, पण वाचन सोडले नाही. गेली वीसएक वर्षे त्यांना दुर्मिळ आशियाई कासवे पाळण्याचा नाद आहे. त्यांच्याकडच्या 'क्युओरा गॅल्बिनिफ्रॉन्स' या जातीच्या मादीने यंदा दोन अंडी घातली आणि त्यांतल्या एकातून पिल्लू बाहेर आले. पिल्लाचा बाप मात्र 'क्युओरा मौहोती' या दुसऱ्याच जातीचा. पाठीवर आईची नक्षी, कडेला बापाचे दाते. स्नेह्यांनी त्याचे नाव 'मिलाफ' ठेवले आहे आणि आमच्याकडून अभिनंदनाची अपेक्षा केली आहे. पत्राच्या शेवटी होमी भाभांचा हवाला आहे, आणि 'शुद्धतेचे वेड संपवणारा हा छोटासा जीव' अशी मखलाशीही आहे.

आम्ही अभिनंदन केले नाही. खाजगी उत्तर पाठवून हा विषय मिटवताही आला असता. परंतु स्नेह्यांचा युक्तिवाद त्यांनी आमच्याच वर्गांतून, आमच्याच शोधनिबंधांतून उचललेला आहे. तेव्हा त्याचे उत्तर चारचौघांत देणे आम्हांस भाग आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बंदिवासातील दुर्मिळ कासवांचा हौसेखातर संकर करणे ही त्या जातींची लूट आहे. आणि आम्ही साहित्याच्या मंडळींनी 'संकर' हा शब्द ज्या सैलपणे वापरला, त्याने या लुटीला एक सुसंस्कृत सबब मिळवून दिली आहे.

प्रथम कासवांविषयी. गॅल्बिनिफ्रॉन्स हे उत्तर व्हिएतनाम, हैनान बेट आणि लगतच्या प्रदेशातील डोंगराळ जंगलांत राहणारे देखणे कासव. खाण्यासाठी, औषधासाठी आणि पाळण्यासाठी त्याची इतकी धरपकड झाली की आययूसीएनच्या यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. त्याची मादी एका वेळी एक ते तीन अंडी घालते. ती पूर्ण वयात यायला कित्येक वर्षे जातात. हा हिशेब स्नेह्यांनी मांडलेला नाही. उंदीर किंवा कोंबडी यांच्या बाबतीत एक वीण वाया गेली तर बिघडत नाही. येथे मात्र एका मादीचा एक हंगाम म्हणजे दोन-तीन जिवांची संधी, आणि ती संधी परजातीच्या नराला देणे म्हणजे तिच्या स्वतःच्या जातीपासून ती हिरावून घेणे. शिवाय कासवाच्या माद्या नराचे बीज शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवू शकतात. अमेरिकेतील बॉक्स टर्टलच्या मादीने नरापासून वेगळे ठेवल्यावरही चार वर्षांपर्यंत फलित अंडी घातल्याची नोंद आहे. याचा अर्थ, उद्या स्नेह्यांना उपरती होऊन त्यांनी या मादीसाठी तिच्या जातीचा नर आणला, तरी पुढच्या काही विणींतील पिल्लांचा बाप कोण, हे जनुकीय तपासणीवाचून सांगता येणार नाही. एका हौसेची किंमत एका पिल्लापुरती राहत नाही, ती अशी.

"पण संकरज प्राणी वांझ असतात, तेव्हा गोष्ट तिथेच थांबते", असे पुष्कळांना वाटते. खेचराचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. आशियातील गोड्या पाण्याच्या कासवांना ते लागू पडत नाही. या कुळातील बहुतेक जातींच्या गुणसूत्रांची संख्या ५२ आहे, आणि दूरच्या नात्यातल्या जातींचाही, इतकेच नव्हे तर भिन्न प्रजातींतील कासवांचाही, आपसांत संकर झालेला आहे. त्यांतले काही संकरज पुढे प्रजननक्षमही ठरतात. म्हणजे खेचराप्रमाणे निसर्गाने घातलेले कुंपण येथे भरवशाचे नाही. ते पाळणाऱ्याला घालावे लागते.

हे कुंपण मोडले की काय होते, याचा धडा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. त्या काळात चीनमधून एकामागून एक 'नवी' कासवे उजेडात येत होती. ही कासवे कोणा संशोधकाला ओढ्याकाठी सापडलेली नव्हती. प्राण्यांच्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेली होती, आणि ती कुठून आली याविषयी व्यापारी सांगेल तेच प्रमाण मानले जात होते. १९९१ साली अशाच एका कासवाला 'मॉरेमिस आयव्हरसोनी' हे नाव मिळाले. त्याचे मूळ ठिकाण म्हणून फूच्येन प्रांताची नोंद झाली. १९९२ साली 'सेराटा' नावाची उपजात वर्णिली गेली. आणखीही काही नावे आली. संग्राहकांत या 'अतिदुर्मिळ' कासवांसाठी चढाओढ सुरू झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डीएनए, प्रथिने आणि ज्यांचे मूळ ठिकाण खात्रीने ठाऊक आहे असे नमुने यांची तुलना केली गेली, तेव्हा 'आयव्हरसोनी' ही जातच नाही असे निष्पन्न झाले. ते 'मॉरेमिस म्युटिका' आणि 'क्युओरा ट्रायफॅसिआटा' यांचे संकरज अपत्य होते. ट्रायफॅसिआटा म्हणजे तीन पट्ट्यांचे ते कासव, ज्याच्या औषधी गुणांविषयीच्या समजुतीमुळे चिनी बाजारात त्याला हजारो डॉलर मोजले जातात. जे कासव संकटग्रस्त म्हणून जपायचे ते मुळात अस्तित्वातच नाही काय, असा प्रश्न त्या अभ्यासाने शीर्षकातच विचारला होता. स्नेह्यांचे 'मिलाफ' हे बाळ याच इतिहासातले आहे. गॅल्बिनिफ्रॉन्स गटातील कासवे आणि मौहोती यांच्या संकरातून जे दातेरी कडांचे कासव निपजते, त्यालाच एकेकाळी 'सेराटा' म्हटले गेले. तेव्हा स्नेह्यांनी काही नवे निर्माण केलेले नाही. एक जुनी चूक त्यांनी हौसेने पुन्हा केली आहे.

या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक विषण्ण करणारी आहे. खोटे चलन बाजारात फिरू लागले की खऱ्या नाण्यावरही संशय येतो. 'क्युओरा युनानेन्सिस' हे युनान प्रांतातील कासव १९०८ पूर्वी गोळा झालेल्या मोजक्या बारा नमुन्यांवरूनच ज्ञात होते आणि ते नामशेष झाल्याचे मानले जात होते. व्यापारातील इतकी 'दुर्मिळ' कासवे संकरज निघाल्यावर साहजिकच प्रश्न आला, की हेही तसेच तर नसेल? २००४ साली एका संग्रहालयातील जुन्या नमुन्याचा डीएनए तपासून ती एक स्वतंत्र, वेगळी वंशरेषा असल्याचे दाखवावे लागले. त्यानंतर या जातीची जिवंत कासवे आढळली. जी जात वाचवायला एक क्षण दवडणे परवडणारे नव्हते, तिला आधी आपण खरे आहोत हे सिद्ध करावे लागले. असा पुरावा मागण्याची पाळी आणली कोणी? व्यापाऱ्यांनी, आणि त्यांच्या मालावर भाळलेल्या हौशी मंडळींनी.

साहित्याच्या अभ्यासकाला हे सारे अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. संपादक वि. स. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेत ज्या अडचणींचा ऊहापोह केला, त्यांतली मोठी अडचण पाठांच्या सरमिसळीची होती. एखादा लेखनिक एक पोथी समोर ठेवून नक्कल करी आणि आवडले म्हणून दुसऱ्या परंपरेतल्या पोथीतले श्लोकही त्यात घाली. त्याला वाटे, आपण ग्रंथ समृद्ध केला. संपादकाच्या दृष्टीने मात्र दोन साक्षीदारांची साक्ष एकमेकांत मिसळून दोन्ही निरुपयोगी झालेल्या असत. म्हणूनच काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांसारख्या, जिची परंपरा आणि प्रदेश ठाऊक आहे अशा पोथीचे मोल एवढे. 'आयव्हरसोनी'चे कोडे सुटले तेही मूळ ठिकाण ठाऊक असलेल्या नमुन्यांमुळेच. फरक इतकाच, की पोथ्यांची सरमिसळ झाली तरी जुनी पोथी कुठेतरी कपाटात असण्याची आशा असते. कासवाच्या जातीची शेवटची पोथी म्हणजे ती मादी स्वतःच आहे. स्नेह्यांनी त्या पोथीच्या समासात आपले श्लोक लिहिले आहेत.

आता त्यांचे आक्षेप. पहिला आक्षेप असा, की निसर्गातही संकर होतो. हे खरे आहे, आणि आम्ही ते लपवणार नाही. याच दोन जातींचा संकर हैनान बेटावर रानात झाल्याचे २००५ साली प्रसिद्धही झाले आहे. परंतु रानात असा संकर घडतो तेव्हा त्याच्याभोवती दोन्ही जातींचा संसार चालू असतो. ते पिल्लू जगते की मरते, त्याला जोडीदार मिळतो की नाही, हे रान ठरवते. काचेच्या टाकीत हे सगळे एकटा मालक ठरवतो, आणि टाकीत असलेली मादी ही रानातून कायमची वजा झालेली मादी असते, किंवा तशा मादीची लेक. रानात वीज पडून आग लागते, म्हणून ग्रंथालयात काडी ओढण्याची मुभा मिळत नाही.

दुसरा आक्षेप शेतीचा आहे. संकरित वाणांनी लोकांची पोटे भरली, मग संकराला नावे का ठेवता? महाराष्ट्रात १९६४ नंतर 'सी. एस. एच.-१' ही संकरित ज्वारी आली आणि पाठोपाठ 'हायब्रीड' हा शब्द बेचव भाकरीपासून नाजूक पोरांपर्यंत सगळ्यांना लावला जाऊ लागला. त्या टिंगलीत आम्ही सामील नाही. भुकेच्या वर्षांत त्या ज्वारीने काय केले हे मागच्या पिढीला ठाऊक आहे. परंतु संकरित बियाणे कसे तयार होते हे स्नेह्यांनी पाहावे. दरवर्षी ते नव्याने तयार करावे लागते, आणि त्यासाठी आई-बापाचे दोन्ही वाण वेगवेगळे, काटेकोरपणे, नोंदी ठेवून जपावे लागतात. मूळ वाण गमावला की संकरही गेला. म्हणजे शेतीतला संकर मूळ वाणांच्या जपणुकीवर उभा आहे. टाकीतला संकर मूळ जातीला खाऊन उभा राहतो.

तिसरा आक्षेप वरकरणी सर्वांत सात्त्विक आहे : पाळीव पैदास वाढली की रानातल्या कासवांवरचा ताण कमी होतो. शुद्ध जातीची, नोंदणीकृत पैदास असेल तर यावर वाद तरी घालता येईल. संकरज पिल्लाने मात्र हा ताण कमी होण्याचे कारण नाही. ते विकले जाते तेच मुळी 'जगावेगळे' म्हणून. त्याने मागणी शमत नाही, वेगळेपणाची चटक लागते. वेगळेपणाला लागणारे आई-बाप पुन्हा त्याच दुर्मिळ जातींतून यावे लागतात. साइट्स कराराने यादीतील जातींच्या संकरज संततीलाही मागच्या चार पिढ्यांपर्यंत नियमांच्या कक्षेत धरले आहे. पण विमानतळावरच्या ज्या अधिकाऱ्याला मूळ जात ओळखणेच अवघड, त्याने दोहोंच्या मधले काहीतरी कसे ओळखावे?

मग संकर सर्वथा त्याज्यच का? तसे आम्ही म्हणत नाही. गालापागोस बेटांपैकी पिंटा बेटावरचा शेवटचा नर 'लोन्सम जॉर्ज' १९७१ साली सापडला. त्याच्याबरोबर शेजारच्या बेटावरील वेगळ्या जातीच्या माद्या ठेवण्यात आल्या. आपल्या जातीची मादी जगात उरलेलीच नसेल तर निदान अर्धा वंश तरी राहावा, एवढाच हेतू होता. अंडी निष्फळ ठरली आणि २४ जून २०१२ रोजी जॉर्ज मरण पावला. त्याच बेटसमूहात वुल्फ ज्वालामुखीच्या उतारावर अशी संकरज कासवे मिळाली, ज्यांच्या अंगी फ्लोरिआना बेटावरून एकोणिसाव्या शतकात नाहीशा झालेल्या कासवांचा वंश टिकून होता. खलाशांनी बेटाबेटांतून कासवे हलवली होती, त्याचा हा अकल्पित ठेवा. त्यांतली निवडक कासवे आणून २०१७ पासून फ्लोरिआनाचा वंश शक्य तेवढा परत मिळवण्याचे प्रजनन सुरू झाले. पिंटा बेटावर २०१० साली ३९ संकरज कासवे सोडली गेली, तीही निर्बीज करून. बेटावरच्या झाडोऱ्याला चरणारे मोठे कासव हवे होते, पण पुढचा वंश संकरज असू नये याची काळजी घेतली गेली. येथे प्रत्येक पावलाला कारण आहे, नोंद आहे, आणि हरवलेल्याकडे परत जाण्याची दिशा आहे. स्नेह्यांच्या टाकीत यांपैकी काय आहे? एक नाव आहे, आणि एक छायाचित्र.

येथवर कासवांचे झाले. आता शब्दाचे, कारण खरी गोम तेथे आहे. मराठीत 'जात' हा एकच शब्द मनुष्याच्या जातीलाही लागतो आणि प्राण्याच्या जातीलाही. या एका शब्दाने आमच्या समाजात किती विष कालवले हे वेगळे सांगायला नको. 'वर्णसंकर' म्हटले की ज्यांच्या कपाळी आठी पडत असे, ते निसर्गाचा दाखला देत : पाहा, पशुपक्षीही आपापली जात सोडत नाहीत. या दाखल्याचा पाया डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उखडून टाकला आहे. जातिभेद हा वंशभेद नव्हे. एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, आणि ती तोडायची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन जातींतील स्त्री-पुरुषांचा विवाह हा जीवशास्त्राच्या अर्थाने संकर नव्हेच. एकाच मानवजातीतील दोन माणसांचा तो विवाह आहे. मध्ये असलेली भिंत माणसाने बांधली आणि माणसानेच पाडायची आहे. गॅल्बिनिफ्रॉन्स आणि मौहोती यांच्यातले अंतर कोणा स्मृतिकाराने लिहिलेले नाही. ते लाखो वर्षांत घडले आहे आणि ते मोडल्याने कोणाचीही गुलामगिरी संपत नाही.

म्हणून आमचे असे मत आहे, की प्राण्यांचा दाखला देऊन माणसांत सोवळे पाळणारा सनातनी आणि माणसांचा दाखला देऊन प्राण्यांत सरमिसळ करणारे आमचे पुरोगामी स्नेही, हे दोघे एकाच चुकीचे धनी आहेत. दोघांनीही एका शब्दाच्या दोन अर्थांत फरक केला नाही. स्नेही दुखावतील, पण त्यांनी ज्या शुद्धतेच्या वेडाविरुद्ध शस्त्र उगारले, ते वेड त्या कासवांच्या गावीही नाही.

आणि आम्ही? होमी भाभांचे 'द लोकेशन ऑफ कल्चर' १९९४ साली आले आणि थोड्याच वर्षांत आमच्या चर्चासत्रांत संकर, संमिश्रता, तिसरा अवकाश या शब्दांची रेलचेल झाली. संस्कृतींच्या संदर्भात या कल्पनेचे मोल आम्ही नाकारत नाही. पण १९९५ सालीच रॉबर्ट यंग यांनी 'कलोनियल डिझायर'मध्ये आठवण करून दिली होती, की हा शब्द एकोणिसाव्या शतकातील वंशविज्ञानाच्या गल्लीतून आलेला आहे आणि त्याला ती माती अजून चिकटलेली आहे. ती आठवण आमच्यापैकी कितीजणांनी वर्गात सांगितली? 'संकर म्हणजे मुक्ती' हे समीकरण विद्यार्थ्यांच्या वहीत उतरले, आणि त्यातला एक विद्यार्थी ते घेऊन कासवांच्या टाकीपाशी पोहोचला. रूपक जिथून उचलले त्या जागी काय जगते आहे याची चौकशी न करणे, हा आमच्या शास्त्राचा जुना दोष आहे.

हा दोष केवळ परदेशस्थांचा मानून सुटका करून घेता येणार नाही. स्टार कासव घरात असले की लक्ष्मी येते, या समजुतीपायी ते आपल्याकडे चोरून पाळले जाते आणि चोरून परदेशी धाडले जाते. वायव्य भारत व लगतचा पाकिस्तान, दक्षिण भारत आणि श्रीलंका अशा परस्परांपासून तुटलेल्या तीन प्रदेशांत ते राहते. २०१९ साली साइट्सने त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातले. पकडलेली कासवे कुठल्या प्रदेशातली हे न पाहता दिसेल त्या रानात सोडून देणे, ही दयाबुद्धीने केलेली सरमिसळच होय. तेथेही कासवाला विचारण्याआधी आपण आपल्या मनाचे समाधान पाहतो.

आमच्या संतकवितेत कासवीची एक प्रतिमा वारंवार येते. ती पिल्लांना पान्हा देत नाही, पंखाखाली घेत नाही. दुरून नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते. प्राणिशास्त्र याला दुजोरा देणार नाही, कारण कासवी अंडी पुरून निघून जाते. पण त्या प्रतिमेत एक शहाणपण आहे : हात न लावताही माया करता येते. टाकीशी बसलेल्या माणसाला हे पटणे कठीण असते हे आम्ही जाणतो.

म्हणून स्नेह्यांना आमचे उत्तर एवढेच. 'मिलाफ'चा काही अपराध नाही; त्याला जन्मभर नीट सांभाळा, पण त्याची वीण होऊ देऊ नका आणि ते कोणाला विकू नका. त्याचे आईबाप आजच वेगळे करा. मादी कधी, कोणाकडून आणली, तिच्या किती विणी झाल्या, हे सारे तारखांसह लिहून ठेवा, आणि तिच्याच जातीचा, ज्याचा ठावठिकाणा ठाऊक आहे असा नर एखाद्या जबाबदार पैदास-प्रकल्पाकडे मिळतो का ते विचारा. दोन-तीन वर्षांनी तिच्या अंड्यातून गॅल्बिनिफ्रॉन्सचेच साधे, कोणालाही नवल न वाटणारे पिल्लू बाहेर आले आणि तपासणीत ते तसेच ठरले, तर जरूर कळवा. त्या दिवशी अभिनंदनाचे पत्र आम्ही आपणहून पाठवू.